लेबलांची प्रगती: आधी गोंद, मग चमक

साबण आणि मसाज तेलाच्या लेबलांचं काम या टप्प्यात बरंच पुढे सरकलंय. घरच्या प्रिंटरवरच्या ए-फोर स्टिकर शीटमधून बाहेर पडून रोलवर छापलेल्या लेबलांकडे जायचं ठरवलं. त्यासाठी पहिलं काम म्हणजे कोटेशनचा फॉर्म भरणं. फेस स्टॉक, अ‍ॅढेसिव्ह, लॅमिनेशन, व्हार्निश, डाय (लेबल कापायचा साचा), अनवाइंड (रोल उलगडण्याची दिशा) असे शब्द त्यात एकापाठोपाठ येतात आणि प्रत्येकासमोर टिक मागतात. मी ते सगळे थरांप्रमाणे मांडले, तेव्हा गुंता सुटला. सगळ्यात खाली सिलिकॉन लावलेला रिलीज पेपर, त्यावर गोंद, त्यावर फेस म्हणजे प्रत्यक्ष कागद किंवा फिल्म, मग शाई आणि सगळ्यात वर व्हार्निश किंवा लॅमिनेशन. फॉर्मवरचा जवळजवळ प्रत्येक शब्द यांपैकी एखाद्या थराचा, नाहीतर कटिंगचा.

आपल्यापैकी बहुतेक जण वरच्या थरापासून सुरुवात करतात: मॅट की ग्लॉस? मला आता खालून वर जाणंच पटलंय. काचेवर गोंद सहज पसरतो, त्यामुळे साधा पर्मनंट गोंद पुरतो. एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या बाटलीचं तसं नाही. त्यांची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला स्वतःवर पसरू देण्याची ताकद, कमी, साधारण ३० डाइन प्रति सेंमीच्या आसपास. गोंद तिथे नीट पसरत नाही आणि चार दिवसांनी कोपरे उचलायला लागतात. अशा बाटलीसाठी जास्त पकडीचा गोंद मागायचा. गोंदाच्या माहितीपत्रकात दोन वेगळी तापमानं असतात: लेबल चिकटवतानाचं किमान तापमान आणि नंतर ते सहन करू शकेल तो पल्ला. थंडगार बाटलीवर लेबल लावणाऱ्यांनी पहिला आकडा जरूर पाहावा. आणि लेबल लावल्या लावल्या नखाने उचकटून ‘टेस्ट’ करण्यात अर्थ नाही. गोंदाला पूर्ण पकड घ्यायला एक दिवस तरी लागतो, कधी जास्तही.

आता कागद की फिल्म. या वेळचा सगळ्यात बोलका नमुना इथेच मिळाला. सेमी-ग्लॉस कागदाचं, वरून ग्लॉस लॅमिनेशन केलेलं लेबल तेलाच्या बाटलीला लावलं आणि तेलकट हातांनीच ती बाटली वापरत राहिलो. वरचा पृष्ठभाग फडक्याने पुसला की नव्यासारखा. पण कडेला, जिथे डायने कागद कापलाय तिथे, तेल आत शिरत गेलं आणि चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटरची पारदर्शक किनार तयार झाली. लॅमिनेशन फक्त वरून झाकतं, कापलेली कड उघडीच राहते. शेजारच्या बाटलीवरचं बीओपीपी (पॉलिप्रॉपिलीनच्या) फिल्मचं लेबल तसंच्या तसं आहे. त्यामुळे तेल आणि शॅम्पूसाठी बीओपीपी, कोरड्या साबणाच्या खोक्यासाठी कागद, हे माझ्यापुरतं पक्कं.

कागदाच्या खोक्याला लॅमिनेशनही लागत नाही, व्हार्निश पुरतं. व्हार्निश द्रव असतं, छपाईच्या ओघातच लागतं. लॅमिनेशन म्हणजे वर चढवलेली स्वतंत्र फिल्म: जाड, घासण्याला आणि पाण्याला जास्त दाद न देणारी. व्हार्निशचा एक फायदा हौशी लोकांच्या नजरेतून सुटतो. बॅच नंबर लिहायला तेवढा चौकोन व्हार्निशविना सोडता येतो, नाहीतर पेनाची शाई त्यावर फिसकटते. मॅट लॅमिनेशन दिसायला देखणं, पण गडद रंगावर नखाचा ओरखडाही पांढरा उठून दिसतो. सॉफ्ट-टच लॅमिनेशन हाताला मखमली लागतं. मला ते साबणावर उगाचच वाटतं.

अंबर (तपकिरी) बाटलीवर पारदर्शक फिल्म लावणाऱ्यांनी पांढऱ्या शाईचं प्रकरण आधी समजून घ्यावं. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाया अर्धपारदर्शक असतात. एकच डिझाइन खाली पांढरा थर देऊन आणि न देता, असं दोन्ही प्रकारे छापून घेतलं. बिनपांढऱ्या नमुन्यात पिवळी फुलं बाटलीत जवळजवळ विरघळली आणि लाल रंग विटकरी झाला. फाइलमध्ये हा पांढरा थर वेगळा स्पॉट कलर (स्वतंत्र शाई) म्हणून द्यायचा, १०० टक्के भरून, ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता एकावर एक छापणं) चालू ठेवून. स्पॉट यूव्हीचा, म्हणजे ठरावीक जागीच द्यायच्या चमकदार लेपाचा थरही असाच वेगळा जातो.

फॉइलचे, म्हणजे धातूसारखी चमक देणाऱ्या पातळ पापुद्र्याचे, दोन प्रकार. हॉट फॉइलमध्ये तापवलेला धातूचा ठसा फॉइल दाबून बसवतो. कोल्ड फॉइलमध्ये आधी यूव्हीने सुकणारा गोंद छापतात आणि फॉइल तेवढ्यावरच चिकटतं. दोन्हींतही देवनागरीची परीक्षा होते. लहान अक्षरांत ‘ष’ आणि ‘क्ष’ यांच्या गाठी भरून जातात, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. म्हणून फॉइल फक्त मोठ्या नावाला, तेही ठसठशीत फॉन्टमध्ये. बाकी मजकूर साध्या काळ्या शाईत, चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात नाही, कारण रंग केसभर सरकले तरी बारीक अक्षरांना झालर येते. आणि फाइल पाठवण्याआधी मजकूर कर्व्ह करायलाच हवा, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकायचे. समोरच्याकडे फॉन्ट नसेल तर वेलांट्या कुठल्या कुठे जातात.

कटिंगचं थोडक्यात. हाफ कट म्हणजे फेस आणि गोंद कापला, रिलीज पेपर शाबूत. ब्लीड (कटलाइनच्या बाहेर सोडलेली जादा छपाई) साधारण ३ मिमी, पण छपाईवाला सांगेल तेच धरायचं, आणि मजकूर कटलाइनपासून तेवढाच आत. कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपरा आधी उचलतो. रुंदीसाठी बाटलीचा व्यास गुणिले ३.१४, हे फक्त सरळ बाटलीला. निमुळत्या बाटलीवर आयताकृती लेबलची टोकं जुळतच नाहीत, तिथे कमानदार डाय लागतो. आधी कागदाची पट्टी गुंडाळून बघा, पाच मिनिटांत कळतं. अनवाइंडच्या आठ दिशांचा तक्ता मशीनने लेबल लावणाऱ्यांसाठी महत्त्वाचा. आपण हाताने लावणार, तेव्हा कुठलीही चालेल.

सध्या तेलाचं लेबल बीओपीपी, मॅट लॅमिनेशन आणि नावापुरतं कोल्ड फॉइल असं ठरलंय, डिजिटल प्रूफची (छपाईआधीच्या तपासणी-नमुन्याची) वाट बघतोय. खोक्यासाठी खरखरीत टेक्श्चर कागद घ्यायचा मोह आहे. त्यावर हॉट फॉइल खळग्यांत नीट बसतं का, हे कुणी करून पाहिलं असेल तर जवळून काढलेला फोटो टाका.