तारावात विहीर खोल का खणत नाहीत

सोलापुरात बोअरला पाणी लागलं नाही की सल्ला ठरलेला: अजून शंभर फूट खाली जाऊ द्या. प्रशांत महासागरातल्या किरिबाटी देशात, तारावा बेटावर, याच सल्ल्यानं विहिरीचं वाटोळं होईल.

तिथं आपला काळा पाषाण नाही, प्रवाळाचा चुरा आणि वाळू. मुरलेलं पावसाचं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. ढोबळ हिशेब असा: गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून १ सेंमी वर, तर थर खाली सुमारे ४० सेंमी. प्रत्यक्षात मधला पट्टा मचूळच असतो, त्यामुळे हाती कमी येतं. जोरात उपसा केला की खालचं खारं पाणी शंकूसारखं वर चढतं. म्हणून बोनरिकी भागात छिद्रांचे पाइप उथळ आणि आडवे पुरून हळूहळू पाणी ओढतात.

बबाई हा आपल्या अळूचा राक्षसी भाऊबंद. त्याचा खड्डा नेमका या गोड्या थरापर्यंत खणतात. भरतीची लाट एकदा आत शिरली की मीठ उतरतं आणि कंद नासतो.

गंमत म्हणजे एल निनो आला की आपले ढग रुसतात, तारावात मात्र धो धो. ला निनात तिकडे दुष्काळ. तेव्हा पत्र्यावरचं पाणीच आधार: ५० चौरस मीटर पत्रा, २० मिमी पाऊस, म्हणजे १,००० लिटर. पहिलं पाणी सोडून द्यायचं, पक्ष्यांची घाण असते.

जायचं तर फिजीच्या नादीहून विमान. खिशात रोख ऑस्ट्रेलियन डॉलर हवेत, तिथं तेच चलन चालतं.