कपाटातलं रडणारं पुस्तक

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मी आठवीला एक निबंध घालतो, 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त'. आणि दरवर्षी चाळीस-बेचाळीस घरांतली कपाटं एकाच दिवशी आवरायला निघतात. प्रत्येक कपाटातून रडण्याचा आवाज येतो. 'मी दचकून इकडेतिकडे पाहिले, तर एक फाटके पुस्तक माझ्याशी बोलत होते.' मग पुस्तक आपली कर्मकहाणी सांगतं, शेवटी आई चहाला हाक मारते आणि लेखक झोपेतून जागा होतो. कपाट आवरता आवरता त्याला झोप कधी लागली, हे आजवर एकाही वहीत मला सापडलेलं नाही.

पोरांना काय बोलणार? हेच कपाट माझ्या शाळेत मीही आवरलं होतं. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली आणि सात वर्षांत ८४ अंक काढले, तेही जवळजवळ एकहाती लिहून. आमच्या पोरांची निबंधमाला पाच मण्यांची असते: एक ऋतू, एक आत्मवृत्त, एक 'अमुक नसते तर', एक सहल आणि एक आवडता नेता. बोर्डापर्यंत तेवढी पुरते. दहावीच्या पेपराला आता कृतिपत्रिका म्हणतात, ८० गुणांची. तीत बातमी आली, जाहिरात आली, कथा आली. 'सर, किती ओळी लिहायच्या?' हा प्रश्न मात्र जिथल्या तिथे आहे.

तर एका वर्षी मी वैतागून म्हणी घेतल्या. जुनी म्हण मोडायची आणि आपली करायची, एवढंच सांगितलं. पाचच मिनिटांत फळा भरला. 'नाचता येईना अंगण वाकडे'चं 'रील जमेना, नेटवर्क वाकडे' झालं. 'कामापुरता मामा'चा 'हॉटस्पॉटपुरता मामा' झाला, आणि तो करणाऱ्याने मागच्या बाकावरच्या मित्राकडे असं काही बघितलं की खुलासा विचारायची गरज उरली नाही. या पोरांनी वहीत कधी विनोद केला नव्हता. वहीत विनोद करायचा नसतो अशी त्यांची समजूत होती. आमचीच कृपा.

मग ओव्या आणायला सांगितल्या. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. आमच्या वर्गाच्या भरल्या अकरा. पण एक मुलगी एकही ओवी न घेता आली आणि तीच सगळ्यात जास्त बोलली. तिची आजी म्हणाली होती, "अशी बसून नाही गं येत, जातं लागतं." जातं तर कधीच मोडीत गेलेलं. शेवटी आजीने फरशीवर तळहात ठेवला आणि गोल गोल फिरवायला सुरुवात केली. तीनचार फेऱ्या झाल्यावर पहिली ओळ आली. नात लिहून घ्यायचं विसरली, कारण ती हाताकडे बघत होती. मी तिला म्हटलं, हेच लिही. तर म्हणते, "पण सर, ह्याला निबंध म्हणतात का?"

त्यानंतर पिशवी आली. साधी कापडी पिशवी, तिच्यात घरातल्या दहाबारा वस्तू: एक किल्ली, कोटाचं बटण, कवडी, टॉर्चचा सेल, एसटीचं जुनं तिकीट, चुन्याची डबी. डोळे मिटून हात घालायचा, जे येईल त्यावर पाच वाक्यं लिहायची, आणि एकही विशेषण वापरायचं नाही. चुन्याची डबी निघाली तेव्हा अर्धा वर्ग आपापल्या आजोबांच्या आवाजात खाकरला. हेडसरांनी दारातून डोकावून डबीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. तो विषय आम्ही नंतर ऑफिसात संपवला.

किल्ली एका अबोल पोराला आली. हा पावसाळ्यावर दोन पानं लिहितो, पण त्यात त्याच्या गल्लीतलं एक डबकंही सापडायचं नाही. त्याने लिहिलं:

'ही किल्ली सरांची आहे. आमच्या घरी अशीच एक आहे. मुंबईची खोली विकली तेव्हा आजोबांनी घेणाऱ्याला दोन किल्ल्या दिल्या. तिसरी त्यांच्या बंडीच्या खिशात असते. कुलूप बदललं असेल.'

वर्ग गप्प झाला. सातारा जिल्ह्यात मुंबईला कधीच खोली नव्हती असं घर विरळाच. तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला, "सर, 'दोन' हे संख्याविशेषण आहे." व्याकरण मीच शिकवलेलं, नाही म्हणता येईना. 'तिसरी'ही गेली आणि 'अशीच'सुद्धा सार्वनामिक विशेषणात निघालं. मग मी फर्मान काढलं की आकड्यांना आणि सर्वनामांना माफी, 'सुंदर', 'रम्य' आणि 'हिरवेगार' यांना नाही.

हीच पहिल्या बाकावरची पोरगी पुढच्या आठवड्यात म्हणाली, "सर, आता तुम्ही लिहा." सगळ्यांनी बाकं बडवली. मी पिशवीत हात घातला, तर एसटीचं तिकीट. चिमट्याने भोकं पाडायचे त्या काळातलं, बोटभर, पिवळं पडलेलं. वीस वर्षांवर मराठी शिकवतोय, पाच वाक्यं म्हणजे काय! खुर्चीवर बसून मी झरझर लिहिलं. 'जीवन हा एक प्रवास आहे. प्रत्येक प्रवासाला तिकीट लागते. माणूस येतो, माणूस उतरतो...' विशेषणांचं पथ्य बऱ्यापैकी सांभाळलं होतं. कपाटातून रडणारं पुस्तक तेवढं यायचं राहिलं होतं.

वही तपासायला तिनेच घेतली. माझंच लाल पेन मागून नेलं. बराच वेळ वाचत होती, मग खाली लिहून वही परत आणून दिली. पहिली ओळ माझीच ठरलेली: 'छान. अक्षर सुधारा.' तिच्याखाली: 'तिकीट कुठून कुठे होतं?'

त्या जुन्या तिकिटांवर गावाचं नाव नसायचं, नुसते आकडे आणि भोकं. म्हणजे ते माझ्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. मला ते पक्कं ठाऊक आहे, शेजारच्या सीटवर कोण बसलं होतं तेही. बेचाळीस पोरं माझ्याकडे बघत होती. मी पेनाचं टोपण काढलं, आणि घंटा झाली. पोरांना घंटेचं एवढं कौतुक का असतं, ते त्या दिवशी कळलं.