तुम्ही विचारलंत म्हणून: सोन्याचे नॅनोकण अंगात गेले तर चालतात का?

“सोनं गंजत नाही, आयुष्यभर अंगावर वागवतो, बाळाला सुवर्णप्राशनही देतो. मग औषध वाहून नेणारे सोन्याचे नॅनोकण सुरक्षित आहेत की नाहीत, हे तपासायला इतकी वर्षं कशाला लागतात?” विद्यार्थी विचारतात, रुग्णांचे नातेवाईकही विचारतात. उत्तर थोडं वळसा घेऊन द्यावं लागतं, कारण तपासणीत विषारी ठरतं ते पुष्कळदा सोनं नसतंच. त्याच्या सोबत बाटलीत आलेलं काहीतरी असतं, नाहीतर मोजणीतच घोळ झालेला असतो.

बाटलीपासून सुरुवात करू. उकळत्या क्लोरोऑरिक आम्लात सोडियम सायट्रेट घातलं की साधारण १५ ते २० नॅनोमीटरचे गोल कण मिळतात. ही टर्केविच पद्धत १९५१ पासून चालत आली आहे आणि सायट्रेटचा फारसा त्रास नसतो. दांड्याच्या आकाराचे कण हवे असतील, तर मात्र सीटॅब नावाचं डिटर्जंटच्या जातीचं रसायन लागतं. ते पेशीचं आवरणच फोडतं, आणि त्याला काही मायक्रोमोलर मात्रा पुरते. म्हणून कण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे, वरचं पाणी काढायचं, पुन्हा धुवायचं. कमी धुतलं तर सीटॅब उरतं. जास्त धुतलं तर कणांवरचा संरक्षक थर जातो आणि ते एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. थायोल (सोन्याला घट्ट धरणारा गंधकाचा गट) जोडलेल्या पेग या पॉलिमरचा थर चढवून हा पेच सोडवतात. तरीही शेवटच्या धुण्याचं पाणी वेगळं ठेवून, कणांशिवाय, तेवढंच पेशींवर घालून बघायलाच हवं. त्या पाण्याने पेशी मेल्या, तर त्या नमुन्यावरून सोन्याबद्दल काहीच म्हणता येत नाही. ही तुलनेची तपासणी (नियंत्रण) नसलेला अहवाल आम्ही पुढे वाचत नाही.

दुसरा लपलेला पाहुणा म्हणजे एंडोटॉक्सिन, जिवाणूंच्या भिंतीचा तुकडा. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने जिवाणू अडतात, एंडोटॉक्सिन आरपार जातं. काचेची भांडी २५० अंश सेल्सिअसला निदान अर्धा तास भाजावी लागतात. शिरेतून द्यायच्या औषधाला मर्यादा आहे ताशी दर किलो वजनामागे ५ एंडोटॉक्सिन एकक. म्हणजे ७० किलोच्या माणसाला तासाला ३५०. मोजायची नेहमीची चाचणी लॅल, म्हणजे एंडोटॉक्सिन भेटलं की रंग देणारा हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशींचा अर्क, आणि तिचा रंग ४०५ नॅनोमीटरला वाचतात. तिथे सोनं स्वतःही प्रकाश शोषतं. म्हणून नमुन्यात ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम मिसळून ते ५० ते २०० टक्क्यांच्या दरम्यान परत सापडतं का, ते पाहायचं. सापडलं नाही, तर ‘एंडोटॉक्सिन नाही’ हा निकाल कवडीमोल. सेल्युलोजचा फिल्टर वापरला असेल, तर त्यातून निघणारं बीटा-ग्लुकन चाचणीला उलट बाजूने फसवतं.

आता कण पेशींच्या माध्यमात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात घालू. सायट्रेटवाले कण नुसत्या क्षाराच्या द्रावणात पडले की लालचे जांभळे-निळे होतात. ते गोळा झाल्याची ही खूण उघड्या डोळ्यांना दिसते. म्हणून माध्यमात आधी सीरम (रक्तातला पेशींविना द्रव, त्यातली प्रथिनं कणांना झाकतात), मग कण. चाचणीच्या आधी आणि २४ तासांनी माध्यमातच डीएलएसने, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून, आकार मोजायचा. पाण्यातला आकार अहवालात छापणं सोपं असतं, पण पेशींना तो भेटतच नाही.

मात्रा लिहितानाही गफलत होते. ‘मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम’ म्हटलं, तर २० नॅनोमीटरचे सुमारे ६०० अब्ज कण होतात आणि ५० नॅनोमीटरचे जेमतेम ४० अब्ज. वजन एक, कणसंख्या पंधरापट वेगळी. शिवाय जड कण तळाशी बसतात आणि पेशीही तळाशीच असतात, त्यामुळे मिलिलिटरमागची मात्रा आणि पेशीला प्रत्यक्ष मिळालेली मात्रा यांचा मेळ बसत नाही. वजन, संख्या आणि पृष्ठफळ तिन्ही द्यावीत.

सगळ्यात लाडकी चाचणी एमटीटी. जिवंत पेशी पिवळं रसायन जांभळं करतात आणि तो रंग ५७० नॅनोमीटरला मोजतात. २० नॅनोमीटरच्या सोन्याचं स्वतःचं शोषण ५२० च्या आसपास टोकाला जातं आणि ५७० लाही बरंच उरतं. पेशी मेल्या, पण कण तिथेच राहिले, तर यंत्र सांगतं सगळं आलबेल! यासाठी पेशींविना कण, रसायनासह कण, आणि मुद्दाम मारलेल्या पेशींसह कण, अशा तीन जादा ओळी प्लेटवर हव्यात. रंग डीएमएसओ या द्रावकात विरघळल्यावर प्लेट सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण नव्या प्लेटमध्ये घ्यायचं. शिवाय एखादी रंगावर न चालणारी चाचणी जोडीला हवी, उदाहरणार्थ पेशींच्या वसाहती मोजणं. रक्तपेशी फुटतात का, हे पाहतानाही तीच गोची: हिमोग्लोबिन ५४० ला वाचतात आणि कण ते चिकटवून घेऊन तळाशी नेतात, म्हणजे नुकसान झालेलं दिसतच नाही.

चांदीची तऱ्हा वेगळी. तिचे कण आयन सोडतात आणि बरीचशी हानी त्या आयनांची असते. तेवढंच विरघळलेलं चांदीचं क्षार समोर ठेवल्याशिवाय दोष कोणाचा, ते कळत नाही.

जनुकीय हानीसाठी औषधांसाठी जिवाणूंवर सर्रास केली जाणारी एम्स चाचणी इथे उपयोगाची नाही, कारण जिवाणूची भिंत कणांना आत घेत नाही. सस्तन पेशींतली मायक्रोन्यूक्लियस चाचणी करतात, म्हणजे गुणसूत्रांच्या हानीतून केंद्रकाबाहेर राहिलेले तुकडे मोजतात. तिच्यात पेशीचं विभाजन मधेच अडवायला घातलेलं सायटोकॅलॅसिन-बी मात्र पेशीचं गिळणंच थांबवतं. त्यामुळे कण आधी, सायटोकॅलॅसिन नंतर. क्रम उलटला की कोणताही कण निर्दोष सुटतो.

एवढं सगळं पाळलं, तर नीट धुतलेले, पेगचा थर असलेले गोल सोन्याचे कण पेशींना बहुधा सोसतात. माणसांतही दाखला आहे: टीएनएफ हे प्रथिन एकटं शिरेत दिलं की रक्तदाब कोसळतो, पण तेच २७ नॅनोमीटरच्या सोन्यावर बसवून दिलेल्या सीवायटी-६०९१ या औषधाच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचणीत, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार, मात्रा रोखावी लागेल इतका रक्तदाब उतरला नाही. पण पेशी सोसतात म्हणजे माणूस सोसेल असं नाही. लोह ऑक्साइडचे कण असलेलं फेरुमॉक्सिटॉल हे रक्तक्षयावरचं औषध अमेरिकेत २००९ मध्ये मंजूर झालं आणि जीवघेण्या ॲलर्जीमुळे २०१५ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापावा लागला. झटकन टोचण्याऐवजी ते पातळ करून निदान १५ मिनिटं घेऊन सावकाश द्यायचं ठरलं. म्हणून रक्तातली कॉम्प्लिमेंट यंत्रणा (प्रतिकार करणाऱ्या प्रथिनांची साखळी) चेतते का, ही चाचणी माणसाच्या सीरममध्येच करावी. भारतातही नॅनो-औषधांच्या मूल्यमापनासाठी २०१९ पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

राहतो प्रश्न साठण्याचा, आणि खरी काळजी तिथेच आहे. साधारण साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रातून जातात. मोठे यकृत आणि प्लीहेत अडकतात, आणि सोनं तिथे पचत नाही. म्हणून प्राण्यांत २४ तासांवर थांबून भागत नाही, काही महिन्यांनीही अवयव तपासावे लागतात. अवयव विरघळवताना सोन्याला हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाचं ३:१ मिश्रण लागतं, नुसतं नायट्रिक पुरत नाही. चांदीला नेमकं हायड्रोक्लोरिक नको, कारण क्लोराइड होऊन ती खाली बसते. मग आयसीपी-एमएस या धातूंचे सूक्ष्म अंश मोजणाऱ्या यंत्रावर सोनं मोजताना कमी सोन्याचे नमुने आधी, यकृत-प्लीहा शेवटी, आणि मधे कोरे नमुने. सोनं यंत्राच्या नळ्यांना चिकटून राहतं. क्रम चुकला, तर यकृतातलं सोनं पुढच्या मूत्रपिंडाच्या नमुन्यात दिसतं.