स्टुटगार्टच्या क्वायरमध्ये जागा मिळवताना

पुण्याहून स्टुटगार्टला आल्यावर घर, पत्त्याची नोंदणी, बँकेचं खातं सगळं मार्गी लागलं. अडलं ते गाण्यापाशी. खरं तर इथे वस्तीवस्तीत हौशी क्वायर, म्हणजे अनेक आवाजांत एकत्र गाणारे गट, आहेत. 2014 साली जर्मनीने हौशी क्वायरच्या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान दिलं. तरी मला कुणी घेईना.

घराजवळच्या क्वायरच्या दारावर ‘नवे आवाज हवेत’ असा कागद होता. मेल केला. उत्तर नाही. जुलैअखेर ते सप्टेंबरचा दुसरा आठवडा इथल्या शाळांना सुट्टी, आणि तेवढा काळ बहुतेक क्वायरची तालीमही बंद. हे मला शेजारच्या आजींनी सांगितलं, क्वायरने नाही. सुट्टी संपल्यावर उत्तर आलं: सोप्रानो आणि आल्टो (बायकांचे वरचे आणि खालचे आवाज) भरलेत, प्रतीक्षायादीत नाव घेतो.

मग सगळं गप्प. यादीत किती जणी आहेत, माझा नंबर कितवा, जागा साधारण कधी होते, काही म्हणजे काही कळेना. विचारलं की एकच ओळ यायची, ‘जागा झाली की कळवू.’ त्याच सुमारास त्यांची एक खुली तालीम होती. नवरा नुसता सोबतीला आला होता. तो कधी गुणगुणतसुद्धा नाही, तरी त्याच्या हातात बासची, म्हणजे पुरुषांच्या सर्वांत खालच्या आवाजाची, फाइल दिली! पुरुष कमी पडतात हे मान्य आहे. पण वर्षानुवर्षं रियाज केलेल्या बाईला निदान तिचा नंबर तरी सांगा. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी मेल सोडले, त्यांच्या कार्यक्रमाला गेले आणि संपल्यावर थेट संचालिकाबाईंना गाठलं. पुढच्याच तालमीआधी त्यांनी आवाज ऐकला. पियानोवर अर्ध्या-अर्ध्या सुराने वर नेलं, खाली आणलं. मग त्या दुसरीच ओळ वाजवू लागल्या आणि मी माझी धरून ठेवायची. आपला कान षड्जाला बांधलेला. इथे खालचे सूर सारखे बदलतात आणि आपला सूर मात्र हलता कामा नये. मींडही नको, स्वर सरळ लावायचा. मी ओळ सोडली नाही. आल्टोत घेतलं. काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या आपल्या बायकांना आल्टोच सोयीचा, तेव्हा आधीच तसं सांगा.

पेन्सिल न्या, नोटेशनवर खुणा पेन्सिलनेच करतात. सी पट्टीतल्या शुद्ध नीला इथे ‘हा’ म्हणतात आणि ‘बे’ म्हणजे कोमल नी. पहिल्या तालमीत यानेच गोंधळ उडतो. वर्गणी थेट खात्यातून जाते, म्हणून फॉर्मवर आयबॅन नंबर, म्हणजे इथला बँक खाते क्रमांक, लागतो. सोडायचं झालं तर किती आधी लेखी कळवायचं ते सहीआधी वाचून घ्या. आणि हो, यादीत अडकला असाल तर तोवर फोल्क्सहोखशूलेचा, म्हणजे इथल्या प्रौढ शिक्षण केंद्राचा, गाण्याचा वर्ग धरा. पैसे भरले की प्रवेश.

आता मी रीतसर सभासद आहे. यंदाच्या वार्षिक सभेसाठी लेखी प्रस्ताव दिलाय: प्रतीक्षायादीतल्या प्रत्येकीला तिचा नंबर कळवावा.