फोटो दाखवायचा आणि गप्प बसायचं

रविवार, रात्र

आमच्या हौशी मंडळींत फोटो दाखवण्याआधी त्याची कहाणी सांगायची सवय पडली होती. किती पहाटे उठलो, बोटं कशी बधिर झाली, पक्षी कसा येईचना आणि शेवटी कसा आला. एवढं ऐकल्यावर ‘फोकस डोळ्यावर नाही, मागच्या फांदीवर गेलाय’ असं म्हणायला कुणाची जीभ रेटणार? ‘वा, मस्त’ म्हणून पुढचा फोटो. आता नियम उलटा केलाय. ज्याचा फोटो त्याने तोंड मिटून बसायचं आणि बाकीच्यांनी आधी फक्त काय दिसतंय ते सांगायचं. चांगलं-वाईट नंतर.

आज पाळी माझी होती. खिडकीशी बसलेले एक आजोबा, बाजूने येणारा उजेड, मांडीवर ठेवलेले हात. माझ्या लेखी तो फोटो हातांचाच. पण जो तो सुरुवात करत होता उजव्या कोपऱ्यातल्या काचेच्या ग्लासपासून. ग्लासवर उजेडाचा पांढराफटक ठिपका. नजर आधी तिथे जाते, मग चेहऱ्यावर, आणि हातांपर्यंत पोचायच्या आत फोटो पाहून झालेला असतो. डोळा सगळ्यात उजळ जागेकडे आधी धावतो हे पुस्तकी ज्ञान मलाही आहे. पण फोटो काढताना माझं लक्ष हातांवर होतं, त्यामुळे नंतर पाहतानाही मला हातच दिसत राहिले.

अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड म्हणे याच कारणासाठी फिल्म धुवायला मुद्दाम वर्ष-दोन वर्षं थांबायचा. बटण दाबतानाचा मूड विसरला की निवड नीट होते, असा त्याचा हिशेब. 1984 मध्ये तो गेला तेव्हा सुमारे 2,500 रोल न धुतलेले सापडले. सगळेच काही तत्त्वापायी राहिले नसतील म्हणा! आपल्याला एवढा धीर नाही, म्हणून दुसऱ्यांचे डोळे उसने घ्यायचे.

आमच्यातल्या एका ज्येष्ठांना मात्र कुठल्याही फोटोत तृतीयांशाच्या रेषाच दिसतात, म्हणजे चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन सारखे भाग पाडणाऱ्या; मुख्य गोष्ट त्यांच्यावर हवी, मधोमध नको. ‘माणूस मधोमध आलाय, बाजूला घ्यायला हवा होता.’ माझी बोलायची पाळी आल्यावर मी विचारलं, ‘का बरं?’ उत्तर आलं, ‘नियमच आहे तसा.’ हा नियम इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथने 1797 मध्ये निसर्गचित्रांविषयी लिहिताना मांडला, तेव्हा फोटोग्राफीचा जन्मही व्हायचा होता. जुना म्हणून तो टाकाऊ नाही, पण नुसता नियम ऐकून मी फोटोचं करू काय? तीच गोष्ट दुसऱ्या एकाने वेगळी सांगितली: ‘ते खिडकीकडे बघतायत आणि नजरेसमोर जागाच नाही, कोंडल्यासारखं वाटतं.’ हे मला उपयोगी पडलं. कोंडलेपण मला हवंच होतं, तेव्हा चौकट तशीच राहील.

कॅमेऱ्याचे आकडेही शेवटीच सांगायचे, असं माझं मत झालंय. शटर 1/60 होतं, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग उघडं होतं, हे कळताच एकाला तोवर न दिसलेली हललेली बोटं दिसायला लागली.

नंतर एका नव्या मुलीचा फोटो आला. रस्त्यावर धावणारा मुलगा, संध्याकाळचं ऊन. ‘छान’ म्हणून सुटणं सोपं होतं, आणि चुका मोजून शहाणपणा मिरवणं त्याहून सोपं. मी विचारलं, ‘कॅमेरा उचललास तो काय बघून?’ ती म्हणाली, ‘सावली. त्याच्याहून दुप्पट लांब होती.’ मग स्वतःच स्क्रीनकडे बघत राहिली. सावलीचं डोकं खालच्या कडेने कापलं गेलं होतं आणि वर आकाश उगाच भरपूर. ‘खाली घ्यायला हवा होता ना?’ हेही तीच म्हणाली. माझं काम तेवढ्यावर संपलं. (‘फार काळोखी आहे’ हा आक्षेप फोनचा ब्राइटनेस वाढवल्यावर आपोआप मिटला.)

ग्लासचं काय करायचं? क्रॉप केला तर आजोबांचं कोपरही जातं. सॉफ्टवेअरने पुसून टाक, असा सल्ला मिळालाय, पण तो ग्लास तिथे होता, तर तो राहू दे. त्यावरचा उजेड तेवढा खाली आणून बघतो.

पुढच्या वेळी त्या ज्येष्ठांचे फोटो आहेत. गप्प बसायचा नियम त्यांना मान्य आहे. बोलायची पाळी आल्यावर ‘तृतीयांश’ हा शब्द काढायचा नाही, या अटीवर अजून घासाघीस चालू आहे.