पेन्सिलीची यादी

कार्यकर्ता गेला की काही दिवसांनी त्याच्या घरून दोन गोष्टी पक्षाकडे परत येतात. एक, झेंडे-बिल्ल्यांचं गाठोडं. दुसरी, मतदार यादी. गाठोडं कोणीही सांभाळतं. यादीचं काय करायचं हे मात्र कोणाला कळत नाही.

छापील यादी तशी सगळीकडे सारखीच. एका पानावर तीन रांगा, एका रांगेत दहा चौकटी, म्हणजे तीस माणसं. चौकटीत नाव, खाली वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. फोटोच्या जागी नुसतं ‘छायाचित्र उपलब्ध’. हजारभर मतदारांचा भाग असला की पस्तीसेक पानं होतात. घाटावर एवढ्यावर काम चालत असेल. कोकणात घर क्रमांक कळून काही उपयोग नाही. १४२ नंबरचं घर रस्त्याला लागून आणि १४३ नंबरचं व्हाळ ओलांडून, गडग्याच्या कडेकडेने चढणीवर, हे यादीत लिहिलेलं नसतं. एकाच वाडीत एकाच आडनावाची सव्वीस घरं आणि त्यांत तीन चंद्रकांत सखाराम. कुठला वरच्या घरचा, कुठला माडाखालचा, कुठला ‘मास्तरांचा’, हे सांगणारा एकच माणूस असतो. तोच आता गेलेला असतो.

हा माणूस यादी पेन्सिलीने भरतो, पेनाने नाही. एक कारण हवा. जूनपासून घरातलं मीठसुद्धा पाणी सोडतं, तिथे शाईचं काय! पावसाळ्यात पेनाची अक्षरं पसरतात, मागच्या पानावर उमटतात, आणि मग दोन्ही बाजू वाया. यादी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर आतल्या दमटपणाने बुरशी धरते. म्हणून जाणता माणूस ती वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर, चुलीच्या बाजूला ठेवतो. टाचण्या गंजतात, तेव्हा पानं दोऱ्याने शिवतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: माणसं बदलतात. खोडता आलं पाहिजे.

खुणा ज्याच्या त्याच्या, पण फार वेगळ्या नसतात. ‘मुं’ म्हणजे मुंबईला. पुढे ‘ग’ असेल तर गणपतीला येतो, ‘शि’ असेल तर शिमग्याला. दोन्ही नसेल तर त्या घराला कुलूप आहे, आणि मतदानासाठी तो येईल अशी आशा धरू नये. ‘मा’ म्हणजे माहेरचं नाव. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव इथेही राहतं आणि सासरच्या गावातही चढतं. खारवीवाड्यात काही नावांपुढे ‘जू-जु’. म्हणजे हा माणूस जून-जुलैत, मासेमारी बंद असताना, घरी हमखास भेटेल; एरवी पहाटे होडीवर. दोन भावांच्या चौकटींना जोडणारी नागमोडी रेघ म्हणजे बोलचाल बंद, दोघांच्या घरी वेगळं जायचं, एकाकडे चहा घेतला हे दुसऱ्याला सांगायचं नाही. आणि नावाआधी बारीक ‘कै.’

हा ‘कै.’ यादीतला सगळ्यात उशिरा सुटणारा प्रश्न. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, आणि ती होते जिथे मृत्यू झाला तिथे. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण बांबोळीला नेतात, म्हणजे नोंद गोव्यात. रत्नागिरीकडचा कोल्हापूरला किंवा मुंबईला, म्हणजे नोंद तिथल्या महापालिकेत. गावच्या ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला त्याचा पत्ताच नाही. बाराव्याला अख्खा गाव जेवून जातो, आणि यादीत तो माणूस पुढची सहा-सात वर्षं मतदार राहतो, वयही वाढत जातं. नाव काढायचं तर सहसा कोणालातरी नमुना ७ भरावा लागतो. भरणाऱ्याचं स्वतःचं नाव आणि ओळखपत्र क्रमांक, ज्याचं नाव काढायचं त्याचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक, कारणाच्या जागी ‘मृत्यू’ वर खूण, आणि मिळाला तर मृत्यूचा दाखला. मग बीएलओ, म्हणजे त्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी, घरी येऊन खात्री करतो. खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, त्यामुळे ऐकीव माहितीवर फॉर्म भरायला कोणी पुढे येत नाही. घरच्यांना तर हे सुचतही नाही. म्हणून ते काम वाडीतल्या कार्यकर्त्याचं, आणि तो हयात असताना वर्षाला पाच-दहा फॉर्म सहज भरतो.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला आणखी एक घोळ. तिथे विधानसभेचीच यादी प्रभागांत तोडून वापरतात. नवीन नाव घालायचं किंवा काढायचं काम त्या टप्प्यावर होत नाही. हरकत घेता येते ती मुख्यतः ‘अमका चुकीच्या प्रभागात गेला’ अशी. कधी अख्खी वाडी शेजारच्या प्रभागात जाऊन बसते. प्रारूप यादी लागली की हरकतीला मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत पंचायतीच्या भिंतीपाशी उभा राहून एकेक नाव जुळवणारा माणूस नसेल तर मतदानाच्या दिवशी भांडायला खूप जण असतात, पण तेव्हा काही होत नाही.

असा माणूस चाळिशीच्या आत गेला की पहिल्यांदा त्याचा फ्लेक्स लागतो. फोटो घाईघाईत कुठल्यातरी ग्रुप फोटोतून कापलेला, म्हणून खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा हात राहतो. वरच्या पट्टीत नेत्यांचे चेहरे, खाली ‘शोकाकुल’ म्हणून तीस-चाळीस नावं, आणि मधे उरलेल्या जागेत मयत. किनाऱ्यावर फ्लेक्सला वाऱ्यासाठी चिरा पाडाव्या लागतात, नाहीतर तो शिडासारखा फुगतो आणि बांबूसकट खाली येतो. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला चिरा कोण पाडणार? तो तिसऱ्या दिवशी फाटतो. शोकसभेत दोन मिनिटं शांतता असते. घड्याळ लावून पाहिलं तर ती चाळीस सेकंदांत संपते. भाषणं लांबतात. त्यातलं ऐकण्यासारखं भाषण बहुतेक वेळा विरोधी पक्षाच्या माणसाचं निघतं, आणि यात नवल नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून ठरलेल्या अंतराच्या पलीकडे एक टेबल, दोन खुर्च्या, वर ताडपत्री. शेजारी त्या विरोधकाचंही तसंच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांकडे बघत बसलेले, बरेचदा भावकीतलेच, दुपारी वडापाव एकाच कागदातून खाल्लेला.

नेता गेला तर राजकारण वाट शोधतं. बॅ. नाथ पै १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात गेले, वय अवघं अठ्ठेचाळीस. राजापूरमधून ते १९५७ पासून सलग तीनदा लोकसभेवर गेले होते. लोकसभा आधीच बरखास्त झाली होती, मतदान मार्चमध्ये. दोन महिन्यांच्या आत मधु दंडवते, मूळचे नगरचे, मुंबईत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक, तिथून निवडून आले आणि ती धरून सलग पाच वेळा येत राहिले. उमेदवार असा बाहेरूनही आणता येतो. चढणीवरच्या १४३ नंबरच्या घरी त्याला नेणारा मात्र गावचाच लागतो.

म्हणूनच ती परत आलेली यादी नव्या पोराच्या हातात दिली की तो गोंधळतो. ‘जू-जु’ काय, ही नागमोडी रेघ कसली? त्याला तालुक्याहून मोबाईलवर नवी यादी आलेली असते, शोधायला सोपी, एकही खूण नसलेली. खरं तर पेन्सिलीची भाषा वाचू शकेल असा एकच जण गावात उरलेला असतो: शेजारच्या टेबलावरचा. त्याच्या यादीत त्याच खुणा असतात. त्याला विचारायला कोणी जात नाही, आणि विचारलं तर तो निम्मं सांगेल.

यादीत एका पानावर एक चौकट कोरी असते, कारण स्वतःच्या नावापुढे खूण करायची गरज त्याला कधी पडली नाही. तिथे आता ‘कै.’ लिहावं लागतं, आणि नमुना ७ ही भरावा लागतो. दाखला बांबोळीचा, म्हणजे गोव्याला एक खेप. पुरवणी यादी निघाली की त्याच्या चौकटीवर आडवा शिक्का पडतो. नव्याने छापलेल्या यादीत ती चौकटही नसते. खालची नावं एकेकाने वर सरकतात.

पुढच्याच चौकटीत बायकोचं नाव असतं. त्याखालच्या ओळीत, ‘पतीचे नाव’ या शब्दांपुढे, त्याचं नाव तसंच राहतं. आणि मुलगी अठरा वर्षांची झाली की तिच्या नावनोंदणीच्या नमुना ६ मध्ये, नातेवाइकाच्या रकान्यात, कोणालातरी ते पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहावं लागतं. तो फॉर्म पेनाने भरायचा असतो.