पुढच्या तीन महिन्यांची आखणी

आज दुपारभर आम्ही दोघे पुढच्या तीन महिन्यांचे कॅलेंडर घेऊन बसलो होतो. मुलाला ऑटिझम असल्यामुळे आमच्या सुट्टीची आखणी कुठे जायचे इथून सुरू होत नाही. दिनक्रम किती दिवस मोडलेला चालेल, इथून ती सुरू होते. शाळा बंद झाली की ओळखीचे चेहरे, ठरलेल्या वेळा आणि थेरपीची सत्रे एकदमच थांबतात व शिकलेल्या काही गोष्टी मागे पडू शकतात, म्हणून आठवड्यातले एक सत्र सुट्टीतही चालू ठेवायचे ठरले.

ऋतुबदल हे तर स्वतंत्र कामच आहे. आवाज, प्रकाश, स्पर्श यांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद २०१३ सालच्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी पुस्तिकेत, ऑटिझमच्या निकषांत धरला गेला. घरात मात्र तो स्वेटरच्या गळ्याशी टोचणाऱ्या लेबलच्या रूपात भेटतो. त्यामुळे नवा स्वेटर थंडीच्या बराच आधी आणायचा, लेबल उसवायचे, मऊ पडेपर्यंत धुवायचा आणि काही दिवस मुलाच्या खुर्चीवर नुसता ठेवायचा. घालण्याचा विषय त्यानंतर.

समारंभांना तासभरच थांबायचे. कोणी रुसले तर रुसो. धाकटीने दादाशिवायचा, फक्त आपला असा एक दिवस मागितला. मागणी मला रास्त वाटली आणि तो दिवस सर्वांत आधी शाईने लिहिला. नवऱ्याची रजा मंजूर व्हायची असल्यामुळे प्रवासाचा आठवडा तूर्त पेन्सिलीने लिहिला आहे, आणि मुलाला पुढे काय होणार ते चित्रांनी दाखवणाऱ्या वेळापत्रकात प्रवासाचे कार्ड तोवर लावायचे नाही.